कमलमावशींची मूठ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, अशी मीच माझी समजूत घालत आले. पटलं मात्र कधीच नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. मोताळ्यात माझं एका खोलीचं क्लिनिक आहे. वर साहेब नाही, हजेरी नाही. शटर माझं, किल्लीही माझीच. लोकांना याचा हेवा वाटतो.

मागच्या हिवाळ्यात, कित्येक वर्षांनी, आम्ही सुट्टीवर गेलो. मालवणला. समुद्र, मासे, दुपारची झोप – काय सांगू! परत आले तर अंग कामाला वळेचना. क्लिनिक उघडायचं म्हटलं की मी पुन्हा कूस बदलायचे. तेवढ्यात मोबाइलवर कुठेतरी वाचलं, की सुट्टीनंतर हळूहळू कामाला लागावं, सोपी कामं आधी घ्यावीत. किती बरं वाटलं मला ते वाचून! मी सोपी माणसं आधी घेतली. मान आखडलेले कापडवाले काका, गुडघे दुखणाऱ्या शाळेतल्या बाई. थोड्या गप्पा, थोडा शेक, की झालं.

अवघड माणूस एकच होतं. धामणगाव बढ्याच्या कमलमावशी. त्यांना क्लिनिकला येणं जमायचं नाही, मीच त्यांच्या घरी जायचे.

मावशींना लकवा झाला होता, उजवी बाजू गेली होती. त्याआधी आसपासच्या गावांत कुठलंही कार्य असो, भाकरी थापायला बोलावणं त्यांनाच. ज्वारी-उडीद दळून केलेली कळण्याची भाकर करावी तर मावशींनीच. त्यांना तो हात परत हवा होता, बाकी काही नको. आम्ही दोघी जिवापाड झटलो, आणि मी सुट्टीवर जायच्या आधी त्यांची बोटं उघडू लागली होती. एकदा पिठाच्या गोळ्यावर तळहात टेकवून त्या लहान मुलीसारख्या हसल्या होत्या.

जाताना मी त्यांना रबरी चेंडू दिला. रोज दाबत जा, म्हटलं. पण लकव्याचा हात नुसता दाबत राहिलं तर आवळत जातो. दाबून झालं की कुणीतरी ती बोटं सावकाश उघडून ताणावी लागतात. ते काम मी करायचे. ते सुनेला शिकवायला हवं होतं – पण ती मजुरीला गेलेली, मला बॅग भरायची घाई, आणि मी तर लवकरच येणार होते ना?

आलेही. पण त्यांच्याकडे गेले नाही. सून फोन करायची, "मॅडम, आल्या काय तुमी? आत्याबाई वाट पाहून राह्यल्या." मी घरी पलंगावर पडून सांगायचे – अजून तिकडेच आहोत हो, रिझर्व्हेशन मिळत नाही. पुढे सांगितलं, पाय मुरगळलाय. आज-उद्या करत महिना उलटून गेला. का? मावशींचा तास जड जायचा, एवढंच. त्या कण्हायच्या, मला घाम फुटायचा. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

शेवटी गेले तेव्हा मूठ मिटलेली होती. नखं तळहातात रुतलेली. बोटं सोडवू गेले तर मावशी किंचाळल्या. चेंडू उशीशीच होता, दाबून दाबून त्याचा रंग उडाला होता. मला तिथल्या तिथे कळलं – त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. मी सांगितलं तेच त्या इमानेइतबारे करत बसल्या होत्या, आणि त्यानंच हात गेला होता.

इथवर आळस होता. आळस कुणाला येत नाही? पण पुढे मी जे बोलले, ते –

सून समोर उभी होती. मी आवाज चढवला. म्हटलं, मावशी, तुम्ही व्यायाम नीट केलेलाच दिसत नाही.

मावशी माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "हाव माय, म्याच कमी पडली असन. तुमी त एवढं केलं माह्यासाठी." सून त्यांच्यावर चिडली. मी ऐकत बसले.

आता मी नेमानं जाते. हात काही उघडत नाही, उघडणारही नाही. कार्याच्या भाकरींना लोक दुसऱ्या बाईला बोलावतात. सून येताजाता टोमणे मारते – ऐतखाऊपणा नडला म्हणते – आणि मावशी गुमान ऐकून घेतात.

मागच्या आठवड्यात त्यांच्याच गल्लीत मला नवा पेशंट मिळाला. लकव्याचाच. मावशी भिंत धरत धरत तिथे आल्या, त्याच्यासमोर बसल्या आणि आपली मूठ पुढे केली. "पाह्यून घ्या भाऊ. मॅडम सांगतीन तसंच करजा. म्या आळस केला, त हे असं झालं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं – खरं का, असं विचारल्यासारखं.

मी हो म्हटलं.