चांगुणाला घरी नेताना

भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पन्नास पत्रकं होती आणि शेजारी चांगुणा. एकोणीस वर्षांची कोळीण, नवरा समुद्रात बुडालेला. मुंबईतल्या एका कुंटणखान्याच्या माडीवरून आम्ही महिला मंडळाच्या चौघींनी तिला सोडवलं. साहेबाचे पोलीस कोपऱ्यावर पान खात उभे होते. आता चौलजवळच्या कोळीवाड्यात तिला आईच्या हवाली केलं की काम फत्ते, अशी माझी ठाम समजूत.

रेवसला उतरताच चांगुणाने पदर पुढे ओढला. धक्क्याजवळ एक कौलारू घर. दारात एक म्हातारी चहाची किटली घेऊन बसलेली.

"हितंच ठेवलीवती मना (मला)," चांगुणा पुटपुटली.

तिची हकिकत अशी: गेल्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, चुली थंड. नेमकी तेव्हाच एक गोडबोली बाई वाड्यावर आली आणि गिरणीत काम देते म्हणाली. गाडी हाकणारा दुसरा, घर तिसरीचं, आगबोटीवर न्यायला आलेला चौथा. जो तो आपल्यापुरता निर्दोष! टोळी म्हणतात ती ही. सुरे परजणारे लोक नव्हेत.

"दाराला कुलूप होतं?"

"कुलूप कशाला?" ती हसली. "एक रात ऱ्हायले. सकाली म्हातारी बोलली, जा आता घरा. कोन घेतंय तुला ते बघ."

मला झोंबलं ते हे. टोळीचा पहारा आपल्याच उंबरठ्यावर, आणि तो आपणच फुकट देतो!

अलिबागला तांदळाची भाकरी आणि सुका जवळा खाल्ला. पुढे सर्व्हिस मोटारीचं चाक बसलं. "बायांनो, चौलच्या वाड्या बघत चला, फुकट हाय!" म्हणून ड्रायव्हरने आम्हाला उतरवलं. सुपारीच्या गार सावलीतून चालत निघालो. कोळीवाडा जवळ आला तशी चांगुणा मागे मागे राहू लागली.

वाळूत बांबूंच्या मांडवांवर बोंबील सुकत होते. वाड्याचा पाटील सामोरा आला. त्याने बंडीतून एक चुरगळलेला कागद काढला. माझंच पत्रक, आमच्याआधी इथे पोचलेलं. वर ठळक अक्षरांत चांगुणाचं नाव, गाव आणि माडीवरून सुटका.

"आमी समजत होतो, पोर गिरणीत हाय," तो म्हणाला. "तुमी छापून गावाला सांगितलं. आता कशी घेऊ?"

टोळीला लाजवायला मी ते नाव छापलं होतं. दार लावलं गेलं चांगुणाचं. चूक कबूल करायची सोडून मी समाजसुधारणेवर बोलायला लागले.

"भाषन पुरं कर गो बाय!" मांडवाखालून आवाज आला. चांगुणाची आई, हिराबाय. तिचे हात थांबले नव्हते. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दांडीवर टाकायची. "चांगुणे, उभी काय? ऊन चाललाय. बस जोडीला."

चांगुणा बसली. शेजारी बसलेल्या दोघीजणी टोपल्या उचलून लांब सरकल्या.

"हिराबाय, गाव बोलंल," पाटील म्हणाला.

"बोलू दे. ती गिरणीवाली बाई परत आली तर तू वलखशील? माझी पोर वलखंल."

तेवढ्यात लांब सरकलेल्यांपैकी एक टोपलीसकट परत आली. "चांगुणे, त्या बाईच्या हातावर मोर गोंदलेला होता का?"

"व्हय."

"माझ्या घरा येऊन गेली गो ती. माझ्या लेकीला मागत होती."

पाटलाने कागद घडी करून परत बंडीत ठेवला. राहा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. मी निघाले तेव्हा चांगुणाने वर पाहिलं नाही. तिचे हात चालू होते.

परतताना ती सगळी पत्रकं मी रेवसच्या खाडीत बुडवली. मग कौलारू घरासमोर गेले. म्हातारीने सवयीने कप पुढे केला.

"चहा नको," मी धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "निरोप आहे. इथे ठेवलेली एक पोर घरी गेली. आईनं घेतली."

म्हातारीच्या हातातला कप तसाच राहिला. आगबोटीने भोंगा दिला. पाटील अजून गप्पच असेल, असू दे. उंबरठ्यावरचं कुलूप काढणारी मी नव्हे, हे त्या दिवशी कळलं. ते काढलं वाळूत बसलेल्या एका बाईने, बोंबील टांगता टांगता.