आईची मासोळी

आमची वसाहत कालव्याची. गोदावरीवरच्या मोठ्या धरणाचा कालवा आमच्या भागातून पुढं न्यायचं काम चाललं होतं, आणि त्यावरच्या माणसांसाठी सरकारनं आष्टीच्या अलीकडं माळावर घरं बांधली होती. आता तो सगळा भाग जालना जिल्ह्यात येतो, तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता. घरं एका ओळीत, सारखी, पिवळ्या रंगाची. साहेबांचे बंगले वरच्या अंगाला, मग ओव्हरसियर लोकांची घरं, आणि सगळ्यात खाली आमची, दोन घरांत एक भिंत असलेली. मधोमध व्हॉलीबॉलचं मैदान, त्याच्या कडेला घसरगुंडी आणि दोन झोके. कडुनिंबाच्या रोपांना विटांची कुंपणं. सकाळ-संध्याकाळ नळाला पाणी. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षंच झाली होती, त्यामुळं नळ सुटला की बाया नुसत्या उभ्या राहून धार बघायच्या.

वसाहतीच्या मागं दहा मिनिटांवर तळं होतं. दुष्काळी कामात लोकांनी खणलेलं. पुढं दोन पावसाळे बरे झाले आणि ते काठोकाठ भरलं. साहेब लोकांनी तिथं दगडी पायऱ्या बांधून घेतल्या, चार बाकं टाकली. रविवारी कुटुंबं डबे घेऊन जायची. बाकीचे दिवस तळं बायांचं. गोधड्या, चादरी धुवायला त्या दुपारी तिकडं जात.

माझे वडील वसाहतीच्या कचेरीत कारकून. मी त्यांना अण्णा म्हणायची. आई गोदाकाठच्या गावातली, शाळेत कधी न गेलेली, पण पाण्यात अशी पोहायची की काठावरच्या बाया हातातलं धुणं तसंच धरून बघत राहायच्या. लुगड्याचा काष्टा घट्ट मारायची, पदर कमरेला खोचायची आणि आवाज न करता पाण्यात शिरायची. घरात आई फार बोलायची नाही, हसायची त्याहून कमी. पाण्यातून बाहेर आली की मात्र तिचा चेहरा वेगळाच असायचा. तो चेहरा मला हवा असायचा. पण मी काठावर, कपड्यांची राखण करत बसलेली.

कारण माझा डावा कान वाहायचा. अंबडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पोरीच्या कानात थेंबभरही पाणी जाऊ देऊ नका, ऐकू यायचं बंद होईल. आई माझं डोकं धुताना कानात तेलाचा बोळा घालायची आणि वरून तळहात दाबून धरायची. तळ्याचं तर नावच नको. मी अकरा वर्षांची होते.

भिंतीपलीकडच्या घरात वसाहतीच्या शाळेतले मास्तर राहायला आले. त्यांचं कुटुंब बौद्ध. बायको आणि एकुलती एक मुलगी. मुलगी माझ्याच वयाची, माझ्याच वर्गात. काटकुळी, लांब हातापायांची. पहिल्या आठवड्यातच ती आमच्या आईला मावशी म्हणू लागली आणि मी तिच्या आईला काकू. आम्हा दोघींची गट्टी जमली, हे खरं. सागरगोटे, झोके, शाळेला जाणं, सगळं बरोबर. मग एके दिवशी ती आमच्यासोबत तळ्यावर आली, आईला पोहताना बघितलं आणि पायरीवर बसल्या बसल्या म्हणाली,

"मावशी, मला शिकवता का?"

आई पाण्यातूनच म्हणाली, "भ्या वाटंल तुला."

"बिलकुल न्हाई वाटणार."

"आईला इचारून ये मंग."

ती धावत गेली आणि धावतच आली. काकू हो म्हणाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आईनं माळ्यावरून वाळलेला भोपळा काढला. चांगला घागरीएवढा, आत बिया खुळखुळणारा. सुंभ दुहेरी वळून त्याला बांधला आणि तो पोरीच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर आवळला. तिला पोटाखाली हात देऊन पाण्यावर आडवं केलं. "पाय मार. अगं, पायानं पाणी ढकल, दगडावर कपडा आपटल्यासारखं न्हाई!" आई हसली. मोठ्यानं, दात दिसतील अशी. काठावर माझ्या मांडीवर त्या दोघींचे कोरडे कपडे होते.

तीन आठवडे हे चाललं. रोज दुपारी शाळा सुटली की तळं. आई स्वयंपाक सकाळीच उरकायला लागली. घरी भाकरी थापता थापताही तिचंच कौतुक. "आज दम चांगला धरला पोरीनं." "हात लांब हायेत, त्याचा फायदा हाय." अण्णा हं हं करायचे. मी म्हणायची, "माझा आज गणितात पहिला नंबर आला." आई म्हणायची, "हां, चांगलं हाय," आणि तव्यावरची भाकरी उलटायची.

मग एक दिवस ती पाठीवर भोपळा घेऊन आईपर्यंत दहा-बारा हात पोहत गेली आणि आईनं तिला उचलून पाण्यातच गरकन फिरवलं. "माझी मासोळी गं!" आई म्हणाली.

मला आईनं कधी कुठलं लाडाचं नाव दिलं नव्हतं. मला ती नुसत्या नावानंच हाक मारायची.

त्या रात्री मला झोप आली नाही असं काही झालं नाही, मी चांगली झोपले. पण सकाळी उठले तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक होतं. अण्णा कचेरीच्या फायली घरी शिवायला आणायचे. त्यांचा टोचा खुंटीला असायचा, लाकडी मुठीचा. आई पाणी भरायला गेली तेव्हा मी भोपळा मांडीत घेतला आणि टोचा फिरवून फिरवून देठाजवळ एक भोक पाडलं. एकानं पाणी जाईना म्हणून दुसरं पाडलं. मग धुण्याचा साबण ओला करून दोन्ही भोकं बुजवली आणि वरून राख चोळली. सगळं अगदी मन लावून, एखादी आखणी काढावी तसं.

ती बुडावी असं माझ्या मनात नव्हतं. मला एवढंच पाहिजे होतं की तिनं घाबरावं, रडावं, आणि आईनं म्हणावं, जाऊ दे, तुझ्यानं न्हाई व्हायचं. पण एक गोष्ट कबूल करते. ती बुडणार नाही याचा विचारही मी केला नव्हता.

त्या दुपारी आई रोजच्यापेक्षा आत गेली. पाण्याची उंची मोजायला तिथं एक लोखंडी खांब रोवलेला होता, त्याच्याजवळ गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. "ये इथपर्यंत. आज खांबाला हात लावायचा."

ती निघाली. अर्ध्या वाटेत थांबली. "मावशी, भोपळा जड होऊन राह्यला."

"बहाणे करू नको. ये."

ती आणखी दोन हात पुढं गेली. मग तिचं डोकं पाण्याखाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं. ती ओरडलीही नाही. तोंडात पाणी होतं तिच्या. आईला वाटलं ती बुडी मारून दाखवतेय. आई हसत होती.

मी उठून उभी राहिले. मांडीवरचे कपडे पाण्यात पडले. "आई! भोपळ्याला भोक हाय! आई, भोक हाय त्याला!"

आईनं झेप घेतली. तिच्यापाशी पोचली, पाठीवरची गाठ सुटेना तर दातांनी ओढली. भोपळा सुटला आणि बुडबुडे सोडत तिरपा खाली गेला. "पाय मार! मी हाय खाली. पाय मार!" आईचा हात तिच्या पोटाखाली होता, मग मला दिसलं, हात काढून घेतलेला होता. आई नुसती बाजूनं पोहत होती. आणि ती पोर खोकत, ठसकत, पाणी उडवत पायऱ्यांपर्यंत आली. स्वतःच आली.

पायरीवर तिला पालथं घालून आईनं पाठ चोळली. बरंच पाणी निघालं. मग आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. भोपळ्याला भोक आहे हे काठावर बसलेल्या पोरीला कसं कळलं, हे विचारायची गरजच नव्हती.

घरी येताना ती आईच्या कडेवर होती. अकरा वर्षांची मुलगी, लांब पाय लोंबकळत होते, आईला दम लागला होता तरी खाली उतरवलं नाही. मी मागून ओले कपडे घेऊन. एवढं सगळं झालेलं असताना, मला अजून आठवतं, माझ्या मनात तेव्हाही हेच आलं की मला कडेवर घेऊन किती वर्षं झाली.

आई आमच्या घरात शिरलीच नाही. सरळ शेजारी गेली. काकू चुलीपुढं बसल्या होत्या. आईनं पोरीला त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि मला दंडाला धरून पुढं केलं.

"जे केलं ते तुझ्या तोंडानं सांग."

मी सांगितलं. टोचा, साबण, राख, सगळं. काकूंच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडं नाही, आधी आईकडं बघितलं. मग मला विचारलं, अगदी हळू,

"कुणी सांगितलं तुला असं करायला?"

मला तो प्रश्न तेव्हा कळला नाही. आईला कळला. तिचा दंडावरचा हात एकदम ढिला पडला.

"कुणीच न्हाई," मी म्हणाले. "आई तिला मासोळी म्हणती. मला काहीच म्हणत न्हाई."

काकूंनी हातातला गोळा परातीत ठेवला. मग बोलल्या, माझ्याशी नाही, आईशी. "ताई, आमच्या गावात आम्हाला वरच्या आडाला हात लावू देत नव्हते. माझ्या आईनं उन्हातान्हात घागर धरून वाट बघितली, कुणी वरून पाणी वाढतंय का म्हणून. इथं तुम्ही माझ्या पोरीला पाण्यात घेऊन उतरलात. मला किती बरं वाटलं ते कुणाला सांगू? आणि आता हे."

आई म्हणाली, "माझी चूक झाली. पोटच्या पोरीकडं माझं ध्यान न्हवतं."

तेवढ्यात ती, घोंगडीत गुंडाळलेली, दात वाजत असलेली, मधेच बोलली. "म्हंजे मी शेवटी भोपळ्याबिगरच आले का?"

तिनं आईचा पदर ओढला.

"मावशी, सांगा ना. भोपळ्याबिगर आले ना मी?"

"हां," आई म्हणाली. "आलीस."

तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी तिचं वाईट करायला गेले, तर त्यातूनही तिलाच मिळालं. ती माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

काकूंनी मात्र त्या दिवसापासून तिला तळ्यावर पाठवणं बंद केलं. आमच्याशी बोलणं तोडलं नाही, पण विरजण मागायला त्या पलीकडच्या घरी जायला लागल्या. आणि आई? आईनं मला मारलं नाही. अण्णांना सांगितलंही नाही. फक्त तीही तळ्यावर जायची थांबली. चादरी नळावर धुवायला लागली. दुपारी भिंतीला टेकून गहू निवडत बसायची. मी म्हणायची, "आई, जाऊ ना तळ्यावर." ती म्हणायची, "काहून?" एवढंच. मला आई हवी होती, आणि आता ती दिवसभर घरातच होती, माझ्यासमोर, आणि तो पाण्यातून बाहेर येणारा चेहरा कुठंच नव्हता.

दिवाळी झाली. थंडी सरली. शिमग्याच्या सुमाराला एका दुपारी काकू आमच्या दारात आल्या, पोरीचा हात धरून.

"ताई, अर्धवट शिकलेलं जास्त धोक्याचं असतं. हिला पुरं शिकवा."

आई उठून उभी राहिली. "पुन्हा माझ्या भरवशावर देता?"

"तुमच्या, आणि हिच्या," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं. "कमरेला दोर बांधा. दुसरं टोक हिच्या हातात द्या. बघू."

मग उन्हाळाभर मी पायरीवर दोर धरून उभी राहायची. काकू बाकावर बसायच्या, नजर माझ्या हातांवर. दोर ओला झाला की तळव्यांना काचायचा. मी एकदाही ढिला सोडला नाही. पण मला चांगुलपणा आला होता असं कुणी समजू नये. ती खांबाला हात लावून ओरडायची, आई टाळ्या पिटायची, आणि मला तिचा तोच जुना हेवा वाटायचा. त्यासकट मी दोर धरायची. वैशाखात पाणी खाली गेलं तेव्हा ती तळं एका दमात पार करत होती.

पुढच्या वर्षी मास्तरांची बदली जाफराबादला झाली. एसटीच्या थांब्यावर ती आईच्या गळ्यात पडून एवढी रडली की कंडक्टर दोनदा म्हणाला, "बाई, जल्दी करा." मला तिनं तिचे सागरगोटे दिले. मी ते घेतले.

माझ्या कानाचं ऑपरेशन पुढं औरंगाबादला झालं, कान बरा झाला. पण तोवर मी मोठी झाले होते, आणि पोहायला मी शिकलेच नाही.

तिचं पत्र दर दिवाळीला यायचं, साधं पोस्टकार्ड, आईच्या नावानं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवायची. पहिल्या पत्रात शाळेचं, नव्या घराचं, तिकडच्या नदीचं लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती. मी पोहते तेव्हा अजून तुमचा हात पोटाखाली असल्यासारखं वाटतं, मावशी.

मी ती ओळ वाचली नाही.

"एवढंच लिव्हलंय?" आईनं विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.

आईनं कार्ड माझ्या हातातून घेतलं, अक्षरांवरून एकदा अंगठा फिरवला आणि ते ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवून दिलं.