नळी कुठे अडली?

"अॅक्युट किडनी इन्ज्युरी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जाऊन माझ्या पत्नीची, सुनंदाची, मूत्रपिंडं अचानक मंदावली होती. त्यांना काळजी पोटॅशियमची होती. हा क्षार रक्तात फार वाढला तर हृदय बंद पडतं. "रिपोर्ट आला की ठरवू. कदाचित पुण्याला हलवावं लागेल."

दौंडच्या त्या दवाखान्यात अकराला रक्त घेतलं. एक वाजला तरी रिपोर्ट नाही. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. वेल्डिंगचा हेल्पर होतो तेव्हापासून भांडल्याशिवाय मला काही मिळालेलं नाही. लॅबच्या खिडकीशी जाऊन आवाज चढवला.

"सॅम्पल आलंच न्हाई, मामा," लॅबवाला म्हणाला. "आमच्या मशीनला धा मिन्टं लागत्यात."

मी परत वॉर्डात गेलो. सुनंदाच्या रक्ताची नळी सिस्टरच्या टेबलावर, अर्ध्या रिकाम्या ट्रेमध्ये.

"ट्रे भरला की मावशी नेतात," सिस्टर म्हणाली. "एकेका नळीला कुठं खेपा घालणार?"

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कुरकुंभच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मीही ट्रॉली भरल्याशिवाय माल पुढे सोडत नसे. मी ज्या मोठ्या कंपनीचं काम करायचो, तिचा इंजिनिअर लीन शिकवायला आला होता. लीन म्हणजे काम कुठे नुसतं पडून राहतं ते शोधून वाट मोकळी करणं. "थोडं थोडं पुढे सोडा," तो म्हणाला. मी सोडलं, काम सुधारलं, आणि त्याच कंपनीनं ते काम माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. तो राग अजून गेलेला नाही. पण माणूस खरं बोलला होता.

"मावशी, एवढी एक नळी न्या. हात जोडतो," दाराशी उभ्या असलेल्या मावशींना मी म्हणालो.

"सकाळधरनं सगळ्यांवर वरडताय, आन् आता हात व्हय?" मावशी हसल्या आणि नळी घेऊन निघाल्या.

अर्ध्या तासात रिपोर्ट आला. पोटॅशियम वाढलेलं होतं. लगेच औषधं सुरू झाली, संध्याकाळी ते उतरू लागलं. पुणं टळलं.

पुढे सिस्टरनं तातडीच्या नळ्या वेगळ्या पाठवायला सुरुवात केली. तिचे आणि मावशींचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर रिपोर्ट कधी येईल एवढंच विचारू नका, नळी आत्ता कुठे आहे तेही विचारा.

घरी जायच्या दिवशी मी कागदावर वेळ मांडत बसलो. मशीन, दहा मिनिटं. ट्रे, दोन तास. सुनंदानं कागद ओढून घेतला.

"आन् मंगळवारपासनं मी घरात पडून होते, ते न्हाई लिवलं? माल गेल्यावर दवाखान्यात जाऊ, कोण म्हणलं होतं?"

मी पेन घेतलं आणि सगळ्यांच्या वर लिहिलं: घर, तीन दिवस.