माजी

लालबागच्या आमच्या वाचनालयात ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे आणि तिच्या बरोबर खाली एक म्हातारे काका रोज बसतात. सगळं तरुणपण गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांचं कुजबुजणंही जिन्यापर्यंत ऐकू जातं. त्यांना गप्प करायचा नाद मी केव्हाच सोडला.

सध्या मी चाळीचाळींतून आलेले गिरणगावचे जुने फोटो स्कॅन करते. चेहरे ओळखायला ते शेजारी येऊन बसतात. फोटोला बोट लावत नाहीत, चष्म्याच्या काडीने दाखवतात आणि प्रत्येक नावानंतर “लिव गो बाय” असा हुकूम सोडतात.

परवा ब्याऐंशीच्या संपातल्या मोर्च्याच्या फोटोत ते स्वतःच निघाले. त्यांच्या नावापुढे टाइप करता करता मी मोठ्याने म्हटलं, “माजी गिरणी कामगार.”

“माजीच! मगे कोणाची?” ते खूश झाले.

त्यांच्या मालवणी बोलण्यात ‘माझी’चं ‘माजी’ होतं. मी हसू दाबून समजावलं, “तसं नव्हे, काका. माजी म्हणजे पूर्वीचे. आता नसलेले.”

“संप मागे कोणी घेतल्यान?”

तो कोणी मागे घेतलाच नव्हता. गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला, एवढंच. मी तो शब्द खोडायला गेले, तर त्यांनी चष्मा कीबोर्डवर आडवा धरला.

“पुसू नको. लिवलंस ता बरोबर हा,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात, “तू वाचतंस चुकीचा.”