कागदावरचा आगाऊ डोंगर

जगात एकजीव असं काही नसतंच, अशी आमच्या डिस्टिलरीच्या केमिस्टांची ठाम समजूत होती. नव्वदच्या दशकात कन्हेरीहून लुनावर येणाऱ्या या गृहस्थांना सगळे तात्या म्हणत. लग्नाच्या पंगतीत आमटीचा एक भुरका मारून ते आधी काय पडलं आणि मग काय करपलं ते क्रमवार सांगत. त्यामुळे बारामती-इंदापूर पट्ट्यातले आचारी त्यांना वाढायला जातीने येत, धाकानेच. अत्तर लावून आलेल्या मॅनेजरांनाही त्यांनी प्रयोगशाळेच्या दारात अडवलं होतं. "सायेब, तुमी तितंच थांबा. मशीनला तुमचा वास लागंल."

मशीन त्यांचं दैवत. सुईतून स्पिरिटचा इवलासा थेंब त्यात टोचायचा. वायू त्याला लांब वेटोळ्या नळीतून ढकलत न्यायचा आणि थेंबातला एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडायचा. प्रत्येकाचा कागदावरच्या रेघेत एक डोंगर उठायचा. नळीच्या शेवटी एक ज्योत असे, पण ती डोळ्यांना दिसत नसे. म्हणून तात्या चष्मा काढून तिच्यावर धरत आणि काचेवर वाफ आली की म्हणत, "जित्ती हाय."

मी परभणीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. बायको-लेकरं गावी आणि मी इथं बाटल्या धुणारा, रोज नोकरी जाईल म्हणून धास्तावलेला. एकदा बाटली लवकर वाळावी म्हणून मी ती अ‍ॅसिटोनने विसळली आणि घाईत ओलीच टँकरमधल्या स्पिरिटच्या नमुन्याने भरून दिली. कागदावर एक आगाऊ डोंगर उठला. भरलेला टँकर फाटकात अडला. मॅनेजर तणतणत आले.

"बाटली मी अ‍ॅसिटोनने विसळली," मी कसंबसं बोललो.

"ठाव हाय," तात्या कागदावरून नजर न काढता म्हणाले. "किती मिनिटाला आला त्यावरनंच वळखला म्या त्याला."

"मग याला घरी पाठवा," मॅनेजर म्हणाले.

"पाठवू की. उद्यापासनं बाटल्या धुवायला तुमी येनार व्हय?"

तात्यांनी कोरड्या बाटलीतून पुन्हा नमुना घेतला. तो डोंगर गेला, टँकरही गेला. मग पहिला कागद त्यांनी रजिस्टरात चिकटवला आणि खाली लिहिलं, "बाटली ओली भरली. कामगाराला शिकवलं नव्हतं. दोष माझा." खाली सही.

खरं तर त्यांनी मला दोनदा शिकवलं होतं.

हे त्यांच्यापाशी बोलावं असं त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीही मनात होतं. पण त्यांनी माझ्या हातातली बाटली घेतली, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली आणि "वाळली हाय" एवढंच म्हणून ती मला परत दिली.