शरण नावाचं घर

स्टील प्लांटमधून निवृत्त झाल्यावर बाबांनी कोहक्यात घर बांधलं आणि फाटकाच्या खांबावर ग्रॅनाइटची पाटी बसवली: ‘शरण’. आईलाही नाव आवडलं होतं. पण आमच्याकडच्या छत्तीसगढी बोलण्यात ‘श’चा ‘स’ होतो. पहिल्याच आठवड्यात गॅसवाल्यानं हाक मारली, “सरन वाला घर यही है का?”

आई स्वयंपाकघरातून धावत आली. “माह्या घराले सरण म्हणून राहिला तो!”

“त्याले कुठं मराठी येते?” बाबा म्हणाले. “तू कावून मनावर घेते?”

वर्षभर हेच चाललं. मग एका दुपारी आईच्या छातीत दुखायला लागलं. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. ड्रायव्हरनं गल्लीत पत्ता विचारला आणि शेजारी ओरडले, “सरन? वो रहा सामने!”

स्ट्रेचरवर आईनं डोळे उघडले. “आता तं बदलवाल?”

बाबा एक चप्पल स्वतःची, एक माझी घालून गाडीत बसले.

आईला आत नेल्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. भाषांतराची कामं मिळावीत म्हणून मी तेव्हा जपानी शिकत होते. काहीतरी बोलायला हवं, म्हणून अभ्यासात वाचलेलं सांगितलं. तेराव्या शतकात तिथल्या सम्राटाच्या दरबारानं नव्या कालखंडाला र्‍याकुनिन असं नाव दिलं. पंडितांनी निवडलेलं, शुभ. पण उच्चारल्यावर ते ‘माणसं नाहीशी होणं’ असं ऐकू यायचं. लोक मरत होते, कुजबुज वाढली, आणि तीन महिन्यांच्या आत दरबारानं नाव बदललं.

“लिहिलेलं बरोबर होतं?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“तरी बदलवलं?”

“तरी.”

“मंग मरणं थांबलं काय?”

“तसं कुठं वाचलं नाही.”

डॉक्टरांनी येऊन सांगितलं, स्टेंट बसवला, धोका टळला. बाबांनी त्यांना नमस्कार केला आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नाक पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन पाटी काढली. ती अखंड निघाली नाही.

घरी आल्यावर नवीन नावाचं काम आईनं हाती घेतलं. प्रत्येक नाव ती उतईहून येणाऱ्या भाजीवालीला म्हणायला लावायची. ‘आशीर्वाद’चं ‘आसिरबाद’ झालं.

“बाद नोको,” आई म्हणाली.

शेवटी बाबांनी खांबावर नुसता घराचा नंबर रंगवून घेतला. तो अजून तरी सगळ्यांना नीट म्हणता येतो.