उलटी भाषा आणि लग्नाच्या चपात्या

सांगलीचं घर विकून वाईजवळच्या या गावात राहायला आले, त्याला बरीच वर्षं झाली. गावासाठी मी अजून ‘सांगलीच्या बाई’च आहे. सकाळी कॉम्प्युटरवर फ्रेंच शिकवते, दुपारपर्यंत थकून जाते. फ्रान्समधल्या पोरांची एक खोडी मी वर्गात हमखास सांगते. शब्द मधोमध मोडायचा आणि उलटा जोडायचा. ‘बिझार’ म्हणजे विचित्र, त्याचं करायचं ‘झारबी’. आपल्या टोळीला कळतं, बाहेरच्याला कळत नाही.

शेजारच्या मुलींनी खिडकीतून हे ऐकलं आणि बघता बघता आख्खी गल्ली ‘णीपा’ पिऊ लागली. म्हाताऱ्यासुद्धा हसत हसत ‘खरसा’ उसनी मागायच्या. मला आपलं वाटलं, चला, झाले एकदाची यांच्यातली.

मग त्या मुलींच्या थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. इथं लग्नाच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन चपात्या लाटायला जातात. त्याचं आवतण तोंडीच येतं, दारातून हाक मारून. माझ्याकडे हळदी-कुंकू लावलेली छापील पत्रिका आली, हाक काही आली नाही. राग आला, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. शेवटी पोळपाट काखेत मारला आणि न बोलावता गेले.

मुलींच्या आईनं तो लगेच काढून घेतला. “आवं बाई, तुमी कशाला? बसा हितं.”

“मला येतात की लाटायला.”

“येत्यात की, न्हाई कोन म्हनतंय? पन पावण्यांनी बसायचं असतं.”

खुर्ची आली. पंखा माझ्याकडे वळला. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात चहा, मला कपबशीत. जमिनीवर बसलेल्या बायका पिठाच्या हातांनी एकमेकींना ढोसत उलट्या शब्दांत नवरीच्या सासूची टर उडवत होत्या. मला सगळं कळत होतं. पण खुर्चीवर बसून कशी हसणार? कंबर मात्र लाटणाऱ्यांपेक्षा माझीच जास्त दुखली.

संध्याकाळी मुलींची आई माझा पोळपाट धुऊन-पुसून परत घेऊन आली. दिवसभर त्यावर दुसऱ्याच कुणीतरी लाटलं होतं. तिनं हात जोडले.

“लय उपकार झालं बाई तुमचं.”

गल्लीतल्या दुसऱ्या एकाही बाईचे तिनं उपकार मानले नव्हते.